कामटीची पाठ

नांदगाव खंडेश्वरला बौद्धवाड्याच्या टोकाला पुंजाजीचं घर होतं. घरापुढं कडुनिंब, कडुनिंबाखाली खाट, आणि त्या खाटेवरून सकाळी चहाच्याही आधी शिव्या सुरू होत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा अडेल बैलावर ओरडतो आहे. पण पुंजाजीकडं बैल नव्हता. शिव्या सुनेला असत.

सून भागीरथा. पंचविशीची, काटकुळी, कमी बोलणारी. तिचा नवरा श्रावण सत्तावन्न साली मुदतीच्या तापात गेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माहेर बार्शीटाकळीचं, पण तिथं सावत्र आईचं राज्य. श्रावणला माती दिल्यावर भाऊ एक दिवस राहिला, दुसऱ्या दिवशी बहिणीकडं न पाहताच निघून गेला. तेव्हा भागीरथा समजली, की आता जे काय आहे ते या कडुनिंबाखालीच.

पुंजाजी कमठे करायचा. कमठा म्हणजे धनुष्य. तरुणपणी तो मेळघाटात बांबूतोडीला जाई, तिथं एका म्हाताऱ्या कोरकूच्या हाताखाली दोन हिवाळे काढून तो हे शिकला होता. पुढं गावात येऊन गावकीच्या कामात अडकला आणि विद्या तशीच राहिली. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, परत आला तो थेट पाटलाच्या ओसरीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून मेलेलं ढोर ओढनार नाही, अन् सांगावाबी नेनार नाही." पाटील हसला. त्या सुगीला खळ्यावरचं बलुत्याचं धान्य आलं नाही. मग पुंजाजीनं माळ्यावरची जुनी रापी काढली, दगडावर घासली आणि कमठे करायला बसला. आधी शेतराखे घेऊन जात, रानडुकरांसाठी. मग अमरावतीच्या एका व्यायामशाळेला खबर लागली आणि तिथून मागणी येऊ लागली.

त्याचा कमठा एका लाकडाचा नसे. पोटाकडून धामणीचं लाकूड, पाठीकडून बांबूची कामटी, आणि दोन्ही सरसानं एकजीव केलेले. कमठा ओढला की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. धामण दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण बांबूनं सोसायचा. म्हणून सगळं काय ते कामटीत. मानवेल बांबू तीन वर्षांचा हवा, हिवाळ्यात अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, वर्षभर सावलीत उभा ठेवलेला. तो चिरायचा, आतली बाजू रंध्यानं सपाट करायची, टोकांकडं कागदासारखी पातळ करत न्यायची. मग विस्तवावर धरून रंग गव्हाळ होईपर्यंत शेकायची. पण बाहेरची बाजू, ती चिकणी हिरवट-पिवळी पाठ, तिला लोखंड लावायचं नाही. पेराच्या गाठी तेवढ्या काचेच्या तुकड्यानं हलक्या हातानं बसत्या करायच्या. पाठीतले धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेले पाहिजेत. त्यांतले चार धागे जरी आडवे कापले गेले, तरी कमठा तिथूनच फुटणार. आज नाहीतर दहाव्या बाणाला, पण फुटणार.

सत्तावन्नपासूनच पुंजाजीचे हात कापू लागले. वाटीतला चहा सांडे. त्यानं वर्षभर कोणाला कळू दिलं नाही, आणि त्या वर्षात चौदा कामट्या वाया गेल्या. शेवटी एके दिवशी त्यानं रापी भागीरथेच्या पुढ्यात फेकली.

"बस. बायकाले शिकवायची पाळी आली माह्यावर."

ती बसली. आणि तेव्हापासून त्या शिव्या सुरू झाल्या.

तो तिला शिकवत असे ते असं: ती कामटी पुरी करून त्याच्या हातात देई. तो डोळे मिटून अंगठ्याचं नख पाठीवरून फिरवी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, सावकाश. नख कुठं अडकलं की डोळे उघडी, कामटी गुडघ्यावर ठेवी आणि तिच्यासमोर मोडी. आठ दिवसांचं काम काडकन जाई. "तुह्या बापानं पाह्यला व्हता का बांबू?" असं म्हणून तुकडे तिच्या अंगावर टाकी. एकदा भर चैतात, मोडलेली कामटी दोन्ही हातांत धरून त्यानं तिला दुपारभर अंगणात उभं ठेवलं. रस्त्यानं जाणारे लोक पाहत. तिनं मान खाली घातली नाही, तेव्हा त्यानं त्याच कामटीनं तिच्या बोटांवर मारलं. डाव्या हाताची करंगळी त्यानंतर सरळ झाली नाही.

सासू केशरबाई मध्ये पडत नसे. म्हातारा झोपला की ती सुनेच्या बोटांना तेल लावी. "तो बोलते तर बोलू दे," ती म्हणे. "तू हायेस म्हनून घर हाय. तू नसशीन तर हा मले खाईन." हे ती प्रेमानं म्हणते की आपल्यासाठी म्हणते, हे भागीरथेला कधी उमगलं नाही. पण तेल लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिसऱ्या वर्षी नख अडकायचं थांबलं. पुंजाजी कामटी चाचपी, परत चाचपी, टोकं उलटी करून पुन्हा चाचपी, आणि काही न बोलता बाजूला ठेवी. बरी झाली, असंही म्हणत नसे. मग शिव्यांना दुसरं कारण काढी. भाकर करपली, पाणी गढूळ आलं. भागीरथेलाही आता पुंजाजीच्या नखाची गरज नव्हती. तिचं स्वतःचं नख त्याच्याहून तिखट झालं होतं.

एकोणीसशे साठच्या दिवाळीनंतर अमरावतीहून रविकांत मास्तर आले. शाळेत कवायत शिकवत, व्यायामशाळेत धनुर्विद्येचा वर्ग चालवत. गोरे, नीटनेटके, सायकलवरची धूळ रुमालानं पुसूनच अंगणात आले. पुंजाजी तेव्हा पाटसरीवर अंघोळीला गेला होता. भागीरथा निखाऱ्यांवर कामटी शेकत होती. मास्तर उभ्यानंच पाहत राहिले. कामटीतून बारीक वाफ निघे तसतशी ती तिला पुढं सरकवत होती, कुठं क्षणभर जास्त थांबत होती, कुठं नुसती फिरवत होती.

"हे तुम्ही करता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळे? गेल्या वर्षीचे सहा?"

तिनं घराकडं पाहिलं. केशरबाई दारात तांदूळ निवडत होती. "हो," भागीरथा म्हणाली.

मास्तर खाटेच्या कडेवर टेकले. म्हणाले, व्यायामशाळेत आता स्वतःचं कामघर काढायचं ठरलं आहे. बाहेरगावची धनुष्यं परवडत नाहीत, जिल्ह्यातल्या इतर शाळांनाही पुरवता येतील. माणूस हवा. मागं एक खोली आहे, राहता येईल, महिन्याचा पगार मिळेल. "फक्त कमिटीला दाखवायला दोन धनुष्यं करून द्या. नवीन, उत्तम. मी पौषात येईन तेव्हा घेऊन जाईन, आणि तुम्ही येणार का तेही विचारीन."

तेवढ्यात पुंजाजी ओल्या धोतरानं येऊन मागं उभा होता. किती ऐकलं कोणास ठाऊक. मास्तरांना त्यानं जयभीम केला, चहा पाजला, बाजारच्या गोष्टी केल्या, आणि मास्तर गेल्यावर खाटेवर आडवा झाला.

त्या दिवशी शिवी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस खाटेवरून आवाज नाही. भाकर करपली तरी त्यानं खाल्ली. भागीरथेला शिव्यांची सवय होती, या गप्प बसण्याची नव्हती. तिला वाटलं, म्हातारा दबा धरून बसला आहे.

तिनं घरातला सगळ्यात चांगला बांबू काढला. श्रावणनं मरायच्या आदल्या वर्षी मेळघाटातून आणलेला. त्याच्या दोन कामट्या निघाल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. पंधरा दिवस तिनं त्यांवर घालवले. घरची रीत अशी, की पुरी झालेली कामटी रातभर पुंजाजीच्या खाटेपाशी राहायची, सकाळी तो चाचपायचा आणि मगच सरस चढायचा. तिनं दोन्ही कामट्या ठेवल्या. सकाळी तो म्हणाला, "पाह्यल्या. लाव सरस." एवढंच.

सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवून ती बसली आणि सवयीनं पहिल्या कामटीवरून नख फिरवलं. ठीक. दुसरीवरून फिरवलं. वरून तिसऱ्या पेराच्या गाठीपाशी नख थांबलं.

तिनं कामटी उन्हाकडं वळवली. डोळ्याला काही दिसत नव्हतं. नखानं खरवडल्यावर मेण निघालं. मेणात हळद कालवलेली, बांबूच्या रंगाची. आणि मेणाखाली एक आडवी चीर. केसाएवढी, पण बोटभर लांब. धारदार पात्यानं, गाठीच्या सावलीत, जिथं कोणी पाहणार नाही तिथं.

खाट, रात्र, आठ दिवसांचा मुकेपणा. तिला आणखी पुरावा नको होता. तीन वर्षं मोडल्या त्या तोंडावर मोडल्या, आणि आता पाठीमागून. हा कमठा व्यायामशाळेत फुटणार, मास्तर म्हणणार बाई अडाणी आहे, आणि ती या कडुनिंबाखाली जन्मभर.

तिला ती कामटी चुलीत घालता आली असती. एक चांगला कमठा मास्तरांना पुरला असता. हे तिला तेव्हाही कळत होतं. तिनं मेणाची गोळी बोटांत मळली, चिरेत परत दाबून बसवली, वर हळद चोळली. मग ती कामटी धामणीवर ठेवली, सरस लावला, सुतळीनं गच्च आवळत नेलं. तिचे हात कापले नाहीत. पुंजाजी खाटेवरून पाहत होता, आणि तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

सरस वाळायला सहा दिवस लागतात. सहा दिवस ती त्या कमठ्यापाशी जाई, येई. चौथ्या दिवशी केशरबाईनं विचारलं, "झाले का वो कमठे?" "होऊन राह्यले," ती म्हणाली. सासू क्षणभर घोटाळली, काही बोलेलशी वाटली, मग घागर घेऊन विहिरीकडं गेली.

सुतळी सोडल्यावर कमठा खुंटीवर टांगून दोरीनं थोडाथोडा ओढतात. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का पाहायचं, कमी वाकेल तिथलं पोट खरवडायचं, आणि शेवटी पुरा ओढून पाहायचा. पहिला कमठा तिनं पुरा ओढला. दुसरा अर्ध्यावर ओढला आणि सोडून दिला.

पौषातल्या एका रविवारी मास्तर आले. ऊन कोवळं होतं. दोन्ही कमठे कडुनिंबाला टेकवून ठेवले होते. पुंजाजीचा एक नियम सगळ्या तालुक्याला ठाऊक होता: त्यानं स्वतः ओढल्याशिवाय कमठा घराबाहेर जात नसे. गिऱ्हाइकासमोर तो कानापर्यंत ओढायचा. हात कापत ते चहाच्या वाटीला. कमठा धरला की कापत नसत.

तो खाटेवरून उठला. डोक्याचा पटका सारखा केला. भागीरथेला म्हणाला, "दे. कोनता पयला?"

तिनं वाकून एक कमठा उचलला. कोणता, हे बोटांना ठाऊक होतं. तिनं तो त्याच्या हातात दिला.

पुंजाजीनं एक डोळा मिटून कमठ्याच्या लांबीवरून नजर फिरवली. बराच वेळ. मग मास्तरांकडं वळला.

"मास्तर, एक सांगून ठेवतो. हे काम माह्यं नाही. दोन वर्सापासून एकबी कमठा माह्या हातचा नाही. सारे हिचे हायेत. मी नुसता बसून शिव्या देनारा."

मास्तर हसले. "ते मी पाहिलंय, पुंजाजी."

"आठ दिवस इचार केला मी. माह्या पोराची बायको हाय, मनाले लागते. पन इथं माह्या खाटेपाशी बसून तिच्या हाताचं मातेरं होईन. घेऊन जा तिले. आमचं बुढाबुढीचं कसंबी निभन."

भागीरथा ऐकत होती. शब्द कानात पडत होते आणि त्यांचा अर्थ मागून, उशिरानं येत होता. म्हातारा बाण लावत होता. समोर गवताची पेंढी उभी केली होती. त्यानं डावा हात ताठ केला. तिनं तोंड उघडलं. मामाजी, एवढाच शब्द काढायचा होता. थांबा, एवढाच. दोरी छातीपर्यंत आली, हनुवटीपर्यंत आली. तेवढ्या वेळात पाच वेळा ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही.

आवाज वाळल्या फांदीसारखा झाला. वरचं टोक उडून कडुनिंबात गेलं. फुटलेल्या कामटीची एक लांब ढलपी त्याच्या उजव्या डोळ्यात शिरली आणि तिथंच राहिली. धामणीचा तुकडा जबड्यावर बसला. पुंजाजी पडला नाही. हातात कमठ्याची मूठ धरून तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "काय झालं?"

केशरबाई दारातून धावली. किंचाळली ती एकदाच. मास्तरांनी बैलगाडी मागवली, मग मोटार मिळाली, आणि दुपारपर्यंत म्हातारा अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात होता. उजवा डोळा काढून टाकावा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर दोघी सासू-सुना भाकरीचं फडकं मध्ये ठेवून बसल्या होत्या. दोघींनीही घास घेतला नव्हता. केशरबाईचे ओठ हलत होते. शेवटी ती म्हणाली,

"तू खुंटीवर पुरा ओढला नाही का?"

भागीरथेनं फडक्याचं टोक सारखं केलं.

"दर खेपीले पुरा ओढतेस तू. खुंटीवरच फुटाले पाह्यजे व्हता थो. कोनाले काही लागलं नसतं. मास्तर आला असता, म्हनलं असतं बाईचा कमठा फुटला, निघून गेला असता. एवढंच व्हतं माह्या मनात. माय वो, एवढंच व्हतं."

भागीरथेनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. म्हातारीच्या बोटांच्या पेरांत अजून हळदीचा पिवळेपणा होता. तो रोजच्या फोडणीचाही असेल.

"तुमी?" ती म्हणाली.

"तू जाशीन म्हनून. त्याच्यापाशी मी एकटी कशी राहू? चाळीस वर्सं झाली मले त्याच्यापाशी. तू आल्यावर त्याचा हात माह्यावरून तुह्यावर गेला. तू गेल्यावर कोनावर जाईन?" केशरबाई रडत नव्हती. हिशेबाचं बोलावं तसं बोलत होती. मग ती अचानक थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. "पन तू पुरा ओढला काहून नाही? नखानं तर तुले दिसाले पाह्यजे व्हतं. मले वाटलं, तुह्या नजरेतून सुटलं."

भागीरथेनं आपल्या अंगठ्याच्या नखाकडं पाहिलं.

"तुले दिसलं व्हतं," केशरबाई हळूच म्हणाली. "तुले दिसलं व्हतं अन् तू थो त्याच्या हातात देल्ला."

समोरून एक नर्स बादली घेऊन गेली. दोघींनी पाय आत घेतले. ती गेल्यावर केशरबाईनं फडक्यातली भाकर मोडली, अर्धी सुनेपुढं ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली. आता काय करायचं ते दोघींना तेवढ्यात कळलं होतं: काही नाही. ही सांगणार नाही आणि तीही सांगणार नाही.

पुंजाजी महिन्यानं घरी आला. जखम भरली होती, पण दुसरा डोळाही लाल राहू लागला, दिवसेंदिवस अंधुक. डॉक्टर म्हणाले होते की एक गेला की कधीकधी दुसराही जातो. तो खाटेवर बसला, आणि पहिल्याच सकाळी म्हणाला, "तुकडे कुठी हायेत?"

"कायचे तुकडे?" केशरबाई म्हणाली.

"कमठ्याचे. जाळले नसतीन तर आना."

केशरबाईनं ते जाळले नव्हते. का नाही जाळले, ते तिलाही सांगता आलं नसतं. लाकडाच्या ढिगाऱ्यातून तिनं आणून दिले. पुंजाजीनं कापऱ्या हातांनी ते मांडीवर घेतले आणि फुटीपाशी नख लावलं. बांबू ताणानं फुटला की धागे लांबलांब उसवतात, कुंच्यासारखे. इथंही बरेचसे तसेच होते. पण एका बाजूला बोटभर जागेत धागे सरळ तुटलेले होते, कापल्यासारखे, एका रेषेत. त्यानं त्या रेषेवरून नख फिरवलं. परत फिरवलं. त्याच्या नखात मेण आलं. त्यानं ते नाकाशी धरून वास घेतला.

"चाकू लागला व्हता," तो म्हणाला. "अन् मेन भरलं हाय. मी रातच्यानं नुसत्या हातानं पाह्यली. मेन हाताले कळत नाही. नखानं नाही पाह्यली मी. हिच्या कामावर नख फिरवाची मले लाज वाटली." मग मान वर करून, कोणाकडंच न पाहता, "कोनाचा चाकू?"

केशरबाईनं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या.

"हिचा," केशरबाई म्हणाली. "अजून कोनाचा असन? हातात रापी हिच्याच असते."

भागीरथेनं सासूकडं पाहिलं. केशरबाईनं नजर वळवली नाही. त्या नजरेत माफी नव्हती, धमकीही नव्हती. तहान लागल्यावर जनावर पाण्याकडं पाहतं तशी ती पाहत होती. मी याच्यापाशी राहणार आहे, तू जाणार आहेस, असं त्यात होतं. भागीरथेला सांगता आलं असतं. मेण कोणी कालवलं, चीर कोणी पाडली. पण मग म्हाताऱ्यानं दुसरा प्रश्न विचारला असता: तुले दिसली नाही का? आणि त्याला ठाऊक होतं, तिच्या नखाला काय दिसतं ते. त्यानंच शिकवलं होतं.

"बोल ना," पुंजाजी म्हणाला. "तुहा?"

"हो," भागीरथा म्हणाली.

त्यानं मान हलवली. शिवी दिली नाही. तिला वाटलं, आता तरी देईल. तिनं तीन वर्षं ऐकलेल्या सगळ्या शिव्या त्या क्षणी तिला हव्या होत्या.

"चांगली पाडली," तो म्हणाला. "मले जमली नसती इतकी बारीक." आणि तुकडे खाली ठेवून तो आडवा झाला, भिंतीकडं तोंड करून. "जा आता. मास्तर जागा देते म्हने. जा."

ती त्याच दिवशी दुपारच्या मोटारीनं गेली. उरलेला चांगला कमठा मास्तरांनी तेव्हाच नेला होता. कमिटीनं तो ओढून पाहिला होता आणि तिची जागा पक्की झाली होती. मास्तरांनी तिला मागची खोली दाखवली, कामघर दाखवलं, बांबू ठेवायची सावली दाखवली. जाताना सायकलीचं कुलूप काढता काढता म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही, भागीरथाबाई. फक्त पाणी तेवढं बाहेरच्या नळावरून घेत चला. आतल्या माठाला कमिटीतले काही जुन्या वळणाचे लोक... मला स्वतःला काही नाही त्याचं." ती "हो" म्हणाली. तिच्या हातचे कमठे दर वर्षी उत्सवात मिरवले जात, त्यांना हात लावून मुलं नमस्कार करत, आणि ती बाहेरच्या नळावर ओंजळीनं पाणी पीत असे. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तिच्या मनात कुठंतरी बसलं होतं, की याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही.

दर महिन्याला ती नांदगावला पैसे पाठवी. ते परत आले नाहीत, आणि मनिऑर्डरच्या पावतीवर अंगठा केशरबाईचाच असे. गावाहून येणारी माणसं सांगत: म्हातारा पुरता आंधळा झाला. खाटेवरून उठत नाही. शिव्या देतो, दिवसभर देतो. म्हातारी त्याला भरवते तेव्हा तो तिचं बोट चावतो. एकदा कोणी म्हणालं, तो म्हातारीच्या चेहऱ्यावरून नख फिरवत बसतो, काहीतरी शोधल्यासारखा, आणि ती हू का चू करत नाही.

त्रेसष्टच्या फाल्गुनात, सकाळी दहाच्या सुमाराला, केशरबाई व्यायामशाळेच्या फाटकात उभी दिसली. बगलेत गाठोडं. डोक्याचे केस पांढरे झाले होते, एका भुवईवर जुनी खोक होती. मुलांची कवायत चालू होती, ती त्यांच्याकडं घाबरून पाहत होती.

भागीरथेनं तिला खोलीत नेलं. जेवू घातलं. म्हातारी भुकेली होती, तीन भाकरी खाल्ल्या, मग चौथीतली अर्धी. हात धुऊन झाल्यावर म्हणाली,

"गेला. पंधरा दिवस झाले."

"मले कोनी सांगतलं नाही."

"मी सांगू देलं नाही." केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं. "शेवटी शेवटी तुह्यं नाव घे. म्हने, भागीरथाले बोलवा, मले तिले इचारू द्या काहून. मी म्हनलं, येते म्हनते, उद्या येते. चार दिवस रोज तेच सांगतलं."

भागीरथा निखारे फुंकत होती. सरस तापायला ठेवला होता, तो जळता कामा नये.

"तुमी त्याईले सांगतलं का?" तिनं पाठमोऱ्यानंच विचारलं. "शेवटी तरी?"

"नाही."

"काहीच?"

"काय सांगू? तोंडातून निघे ना. त्याच्या बोटात लय ताकद व्हती, मरेलोक." म्हातारीनं गाठोड्याची गाठ चाचपली. "मी इथं राहीन म्हनते. कोपऱ्यात पडून राहीन. तुह्या हातात हात देईन. बांबू चिरता येते मले, तू पाह्यलंच हाय."

भागीरथेनं सरसाचं भांडं उतरवून ठेवलं. बाहेर मुलांच्या कवायतीच्या आरोळ्या चालल्या होत्या. तिनं सासूकडं पाहिलं. ते सुकलेले हात, तिच्या मोडक्या करंगळीला तेल लावणारे, आणि तेच दुसरंही करणारे. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. रागानं माणसाला ठेवून घेता येतं, भांडता येतं. तिच्या आत कोरडं होतं, वर्षभर सावलीत ठेवलेल्या बांबूसारखं. दोघी एका खोलीत राहिल्या असत्या तर दोघींना रोज एकमेकींचं तोंड पाहावं लागलं असतं, आणि त्यात तिसरा नेहमीच उभा राहिला असता, हातात मूठ धरून, काय झालं म्हणून विचारत.

"चला," ती म्हणाली.

"कुठी?"

"नांदगावची मोटार साडेबाराची हाय."

केशरबाई उठली नाही. मग उठली. मोटारअड्ड्यावर भागीरथेनं तिकीट काढून तिच्या हातात दिलं, खिडकीपाशी जागा पाहून बसवलं, गाठोडं मांडीवर ठेवलं. फुटाण्याची पुडी घेऊन दिली. महिन्याचे पैसे येत राहतील, असं सांगितलं. केशरबाईनं खिडकीच्या गजाला धरून विचारलं,

"मी मेल्यावर येशीन?"

भागीरथेनं थोडा वेळ विचार केला, कारण खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

कंडक्टरनं दार लावलं. मोटार सुटल्यावर ती उन्हात उभी राहिली नाही. कामघरात परत आली, सरस पुन्हा गरम केला, आणि संध्याकाळपर्यंत तीन कमठे आवळून ठेवले.